मांजर दुसऱ्याच्या परसात

पाऊस ओसरल्यावर यंदा परसात तांबड्या भाजीचे दोन वाफे केले. माती भुसभुशीत केली, शेणखत घातले, राखेत मिसळून बी पेरले. चार-पाच दिवसांनी कोवळे कोंब दिसू लागले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वाफ्याच्या मधोमध उकरलेला खड्डा, त्यावर ओढलेली माती आणि तो वास! ज्याने कधी स्वतःच्या हाताने वाफा केला आहे त्यालाच हा संताप कळेल. मांजरांवर हळवे लिहिणारे बहुतेक जण मांजर मांडीवर घेऊन लिहितात. त्यांनी एकदा त्या मातीत हात घालून पाहावा. शिवाय मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचे जंतू मातीत मिसळू शकतात, म्हणून गरोदर बाईने अशा मातीत उघड्या हाताने काम करू नये असे डॉक्टर सांगतात. तेव्हा तक्रार खोटी नाही. प्रश्न आहे तो उपायाचा.

आमच्या वाड्यावर सर्वमान्य असा एक उपाय आहे. मांजर मारायचे नाही. मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे आजी सांगायची. म्हणून ते गोणपाटात घालायचे आणि लांब कुठेतरी, शक्यतो नदीपलीकडे, मासळी बाजारापाशी सोडायचे. "तिथे त्याला खायला तरी मिळेल," एवढे म्हटले की झाले. पाप नाही, मांजरही नाही.

मी सरकारी कारकून असल्यामुळे ही पद्धत मला फार ओळखीची वाटते. अडचणीची फाइल निकाली काढायची नसते, ती 'पुढील कार्यवाहीसाठी' दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची असते.

सहा वर्षांपूर्वी मीही हेच केले. एक करडी मांजरी रोज वाफे उकरायची. एका रविवारी तिला गोणपाटात घातले, स्कूटरवर पायाशी ठेवले आणि बाजारामागे सोडून आलो. येताना अगदी हलके वाटले. रात्री लाकडांच्या खोपीतून बारीक आवाज येऊ लागला. तीन पिल्ले होती, डोळेही न उघडलेली. आईने कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. ते एवढ्याशा पिल्लांना मानवत नाही हे आम्हाला नंतर कळले. मी दोन दिवस बाजारामागे हिंडलो, करडी सापडली नाही. चौथ्या दिवसापर्यंत तिन्ही गेली. माडाच्या मुळाशी पुरली. आजीच्या हिशेबाने मात्र माझ्या खात्यावर काहीच जमा नव्हते, कारण मी मांजर मारलेच नव्हते.

कायद्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. प्राण्याला विष घालून मारले तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांत चांगले बांगडे तरी येतात का?

आणि एवढे करून मिळते काय? करडी गेल्यावर पंधरवड्यात एक बोका आला. येणारच. मासळी साफ करून डोकी-आतडी मागच्या पायरीवर टाकणारे आम्हीच. पूर्वी अंगण मातीचे असायचे, न्हाणीच्या चुलीची राख कोपऱ्यात पडलेली असायची. मांजराला उकरायला जागा होती. आता कुंपणापर्यंत पेव्हर घातले. मऊ माती उरली ती फक्त वाफ्यात, मग त्याने जायचे कुठे?

आता मी वाफ्यावर नारळाची सोडणे उलटी मांडतो, मधे बोरीच्या काट्या खोचतो, माती ओली ठेवतो. कुंपणाच्या कोपऱ्यात दोन घमेली रेती टाकली आहे. बऱ्यापैकी चालते, पूर्ण नाही. मांजरे कमी व्हायची तर नसबंदीला पर्याय नाही. मांजरी सहा महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत विते.

हे शेजारच्या काकींना पटवायला वर्ष गेले. त्या रोज सगळ्या मांजरांना भात-मासळी घालतात. मी बोललो की, "तीं तरी खंय वतलीं?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, पण खाऊ घालून वाढलेली पिल्ले शेवटी कोणाच्या तरी गोणपाटातच जातात, हे मी त्यांना सांगितले. गोणपाट माझेही होते, हेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, अर्धा खर्च माझा.

दोन मांजरींची शस्त्रक्रिया झाली आहे. तांबडी भाजी पुन्हा पेरली आहे. बोका कुंपणावर बसून बघत असतो. त्याची पाळी येत्या शनिवारी, मला सुट्टी आहे त्या दिवशी.