बंद तोंडाचे गुण

हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ साली भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला ही आमच्या इंदूरची. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आलं, अभिमान मलाही वाटला. पण त्यानंतर आपल्या बायकांत जे ऐकू आलं, त्यावर मला भांडायचंय. एकीचं म्हणणं, घोडं नाचतं, मुलगी नुसती बसते. दुसरी म्हणते, चाबकाशिवाय कुठलं जनावर ऐकतंय?

पहिलीला उत्तर सोपं आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवशिक्याला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात. हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. मांड पक्की होईपर्यंत महिनोन्‌महिने हेच. स्वाराचा हात चुकून हलला तरी घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी हलते. म्हणून आधी स्वतःला आवरायचं. नुसतं बसणं म्हणतात ते हे!

दुसरीचं बोलणं मात्र मला झोंबलं. सुनेला पहिल्यापासून धाकात ठेवा म्हणणाऱ्यांचाच हा सूर. डेन्मार्कच्या लिस हार्टेलचे पाय पोलिओने गुडघ्याखाली निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायलाही माणूस लागे. टाच मारायची कशाने? ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये बायकांना पहिल्यांदा १९५२ साली हेलसिंकीत प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी तिने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्य नेलं.

तरी चाबूक गेलेला नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेल्या ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनला २०२४ साली पॅरिसमधून माघार घ्यावी लागली. शिकवताना ती घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाची चित्रफीत बाहेर आली होती. वर्षभराची बंदी आली.

आणि आपण? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत घोकलेत ना: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. वध म्हणजे हा चाबूक. छेद म्हणजे टाचेच्या काट्याने काढलेलं रक्त, आणि रक्त दिसलं तर स्वार बाद होतो, तो नियम आहे. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झरतं. तासन्‌तास रिकाम्या गव्हाणीपुढे उभा केला तर जठरात व्रण पडतात. हा अन्नपाननिरोधच. कोवळ्या घोड्याकडून जागच्या जागी दुडकी करून घेणं म्हणजे अतिभार. सर्वांत वरच्या पातळीवर घोडा आठ वर्षांचा झाल्याशिवाय उतरवता येत नाही, ते उगाच नव्हे.

पण मला सर्वांत छळतो तो बंध. घोड्याने तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, तर परीक्षक गुण कापतात, कारण ते कडी दुखत असल्याचं लक्षण. शहाण्या माणसाने हात हलका करावा, घोड्याला मोकळं करायला आणखी सहा महिने द्यावेत. घाईची माणसं नाकपट्टा आवळतात. दुखणं तिथंच राहतं, तक्रार तेवढी बंद होते, आणि त्या बंद तोंडाला लोक शिस्त म्हणतात! (बायकांना हे निराळं समजावून सांगायला नको.)

आपल्या मुली आता घोडेस्वारीच्या वर्गाला जातात. जरूर जाऊ द्या. पण फी भरण्याआधी तबेल्यात जा. खरारा केलेलं चकचकीत अंग आणि विणलेली आयाळ पाहून भुलू नका. नाकाच्या हाडावर, पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा. नाही गेली, तर शिक्षकाला पट्टा सैल करायला सांगा, आणि तो हसला तर मुलीला घेऊन घरी या.