पस्तिशीत पशुवैद्यक व्हायचे असेल तर



पशुसेवेचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मुंबईची पांजरपोळ १८३४ पासून उभी आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय चालते. पर्युषणात गोशाळेला चारा पाठवणारी घरे गावोगावी आहेत. मात्र त्या गोशाळेत सुई टोचणारा, हाड बसवणारा डॉक्टर आपल्या घरातला क्वचितच असतो. म्हणूनच दुकानाचे हिशेब सांभाळणारा, वाणिज्य शाखेचा तिशी-पस्तिशीतला मुलगा किंवा सूनबाई ‘मला पशुवैद्यक व्हायचे आहे’ असे म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नये. लगेच पेढेही वाटू नयेत. आधी सर्वांनी कागद पुढे घेऊन बसावे.

पहिला कागद पात्रतेचा. पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन या विषयाची पदवी साडेपाच वर्षांची असून त्यातील एक वर्ष आंतरवासितेचे असते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदवी आणि नोंदणी यांवाचून पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. तेव्हा जवळची वाट शोधण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील शासकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यांपैकी मुंबईचे महाविद्यालय १८८६ सालचे.

प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. बी.कॉम. किंवा एम.कॉम. ही पदवी येथे उपयोगी पडत नाही. वाणिज्य शाखेच्या माणसाला बारावी विज्ञानापासूनच आरंभ करावा लागतो. ‘नीट’ला बसण्यासाठी असलेली कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढण्यात आली, ही दिलासा देणारी गोष्ट. तरीही महाविद्यालयीन प्रवेशाच्या नियमावलीतील वयाचे कलम स्वतः वाचावे. बारावीचे विषय नियमित महाविद्यालयातून, बाहेरून की मुक्त विद्यालयातून केलेले चालतील, याचे उत्तर प्रवेश प्राधिकरणाकडून लेखी घ्यावे. ते हाती आल्यावरच शिकवणी वर्गाचे शुल्क भरावे.

परीक्षा ७२० गुणांची, १८० प्रश्नांची. त्यांतील निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. मोठ्या वयात जीवशास्त्र वाचून समजते, चिकाटी असेल तर पाठही होते. घाम फुटतो तो भौतिकशास्त्राला, कारण दहावीनंतर गणिताची ती सवय सुटलेली असते. म्हणून पहिले सहा महिने आठवी ते दहावीचे विज्ञान आणि गणित यांनाच द्यावेत. त्यात कमीपणा मानू नये.

आता घरच्यांसाठी एक सूचना. ही परीक्षा साधारणपणे मे महिन्यात असते. कापड आणि सराफी व्यवसायात अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई यांची गर्दी त्याच सुमारास असते. अभ्यासाला परवानगी द्यायची आणि चैत्र-वैशाखात गल्ल्यावर बसवायचे, असे केल्यास परवानगी न दिल्यासारखेच होते. होळीनंतर त्या व्यक्तीची जागा दुकानात कोण घेणार, हे दिवाळीतच ठरावे. सूनबाई असल्यास स्वयंपाकघरातील तिच्या पाळीचाही विचार त्याच बैठकीत व्हावा.

दुसरा कागद पैशांचा. तेहतिसाव्या वर्षी आरंभ केला, दोन वर्षे तयारीला आणि साडेपाच वर्षे पदवीला धरली, तर चाळिशी ओलांडते. पुढे वीस-पंचवीस वर्षांचे काम उरते; ते थोडे नाही. शुल्कापेक्षा मोठा खर्च म्हणजे सात-साडेसात वर्षांची थांबलेली कमाई. पेढीत भागीदार असल्यास कार्यकारी भागीदाराचा मोबदला थांबेल, नफ्यातील हिस्सा मात्र राहू शकेल. करारपत्रात तशी दुरुस्ती वेळीच करून घ्यावी, म्हणजे भावाभावांत पुढे कटुता येत नाही. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. तोपर्यंत हप्ता नसला तरी व्याज चढतच असते, हे विसरू नये. जुनी करप्रणाली स्वीकारलेल्यांना या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. पत्नीच्या शिक्षणासाठी पतीने घेतलेल्या कर्जालाही ती लागू आहे.

तिसरा कागद कोणत्याही बँकेत मिळत नाही. तो आपल्या धर्माचा आहे. या शिक्षणात शवविच्छेदन आहे. मांसोत्पादन व मांसतपासणी हे विषयही आहेत आणि ते वगळून पदवी मिळत नाही. परंतु त्याहून रोजचा प्रश्न निराळाच आहे. गाईच्या जखमेत अळ्या पडतात. गाय वाचवायची तर शेकडो अळ्या मरतात. जंतांचे, गोचिडांचे औषध म्हणजेही तेच. हे सारे त्रसजीवच आहेत.

आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले. श्रावकाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि उरलेल्या तिन्हींत विवेक ठेवावा, ही अणुव्रताची मर्यादा आहे, महाव्रत मुनींचे. पीडित जीवाच्या रक्षणासाठी केलेला उपचार मारण्याच्या संकल्पातून घडत नाही. चार दानांत औषधदान आणि अभयदान आहे, आणि पशुवैद्याच्या हातून ही दोन्ही घडतात. माझे मन या निष्कर्षापाशी येते. ज्याचे मन येत नसेल त्याने साधू-त्यागींशी बोलून प्रवेशाआधीच निर्णय करावा. तिसऱ्या वर्षी तो प्रश्न पुढे आला तर फार जड जाते.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा रोग पसरू नये म्हणून मोठ्या संख्येने कोंबड्या माराव्या लागल्या. अशी कामे शासकीय पशुवैद्याच्या कर्तव्यात येतात. असाध्य वेदनेतील प्राण्याला मरण देण्याची तरतूदही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात आहे. सल्लेखनेचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण ते व्रत जाणतेपणी स्वतःच घ्यायचे असते. मुक्या जीवासाठी ते दुसऱ्याला घेता येत नाही. ज्याला ही कामे करायची नाहीत त्याने सरकारी नोकरीची आशा न धरता पांजरपोळ, गोशाळा किंवा स्वतःचा दवाखाना हेच ध्येय आधीपासून ठेवावे, आणि उत्पन्नाचा अंदाजही त्याच बेताने करावा.

शेवटी एक सुचवतो. पुस्तके विकत घेण्यापूर्वी एक पूर्ण चातुर्मास जवळच्या गोशाळेत काम करावे. पावसाळ्यात चिखल असतो, खुरांचे आजार असतात, माश्या आणि अळ्या असतात. शेण काढावे, जखम धुवावी, रात्री अडलेल्या गाईपाशी डॉक्टरांचा कंदील धरून उभे राहावे. चार महिन्यांनंतरही ओढ टिकली, तर घराने मागे उभे राहावे आणि किती वेळा परीक्षेला बसायचे तेही त्याच वेळी ठरवावे. यश आले नाही तरी औषधांची नोंद ठेवणारा, आजार लवकर ओळखणारा एक जाणता व्यवस्थापक त्या गोशाळेला लाभेल. आज अनेक गोशाळांना नेमका तोच हवा आहे.

जय जिनेंद्र.