तूरडाळ दोनशे रुपये, आणि सरकारी कागदावर महागाई शून्याखाली!

परवा बँकेत पासबुक भरायच्या रांगेत सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक काका भेटले. म्हणाले, "तुम्ही पेपरात छापता महागाई कमी झाली म्हणून. मग माझं एफडीचं व्याज पुरत का नाही?" बातमी मीच दिली होती. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, वाढायचा वेग कमी झाला, एवढंच. हे मी बातमीत लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

पण मंडळी, महागाई मोजायची पट्टी एकच नाही, आणि कुणाला कुठली पट्टी लावायची हे ठरवतं सरकार. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, वर्षातून दोनदा. चांगलंच आहे. काकांच्या ईपीएस-95 पेन्शनला मात्र कुठलाच निर्देशांक नाही. किमान पेन्शन 2014 ला 1000 रुपये केली, त्यावर भत्ता शून्य.

बरं, बचतीला तरी? जून 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईशी जोडलेले रोखे काढले. जोडले कशाशी, तर घाऊक निर्देशांकाशी! त्यात डॉक्टरची फी नाही, शाळेची फी नाही, एसटीचं तिकीट नाही. सेवा त्यात धरतच नाहीत. पुढे 2015 मध्ये तेल, धातू स्वस्त झाले आणि घाऊक महागाई शून्याखाली गेली. किरकोळ महागाई तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच ऑक्टोबरात तूरडाळ दोनशेला टेकली होती, आठवतंय ना? आणि या रोख्यांचं, ज्यावर व्याज मोजायचं ते मुद्दलच खाली यायला लागलं. मुदतीअंती दर्शनी किंमत तरी मिळेल, एवढीच हमी.

डिसेंबर 2013 मध्ये चूक सुधारली म्हणे. किरकोळ निर्देशांक अधिक दीड टक्का, मुदत दहा वर्षं. पट्टी बरोबर, पण व्याज हातात येणार दहा वर्षांनी! साठी ओलांडलेल्या माणसाने औषधं कशावर आणायची? वर करसवलत काही नाही. लोकांनी पाठ फिरवली, आणि 31 मार्च 2014 ला खिडकी बंद.

किरकोळ निर्देशांकाशी जोडलेली, दर तिमाहीला व्याज देणारी ठेव पोस्टात बारमाही का नाही? खासदार साहेब पुढच्या वेळी गावात आले की पहिला प्रश्न हाच विचारणार आहे. काकांनाही सोबत नेतो.