आधार कोठचा?

गेल्या सहामाहींत आम्हीं नववीच्या मुलांस आपल्या मुलखांतील एखाद्या प्राचीन स्थळावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका मुलानें औंढा नागनाथाच्या देवळाची माहिती सुवाच्य अक्षरांत लिहून आणिली. तींत "हें स्थळ परभणी जिल्ह्यांत आहे" असें वाक्य होतें व शेवटीं एकच ओळ होती: "आधार: इंटरनेट." औंढा १९९९ च्या मे महिन्यापासून हिंगोली जिल्ह्यांत आहे, हें निम्म्या वर्गास ठाऊक असल्यामुळें हंशा पिकला. मुलगा मात्र हट्टानें म्हणाला, "सर, मीं तें पुस्तकांतच वाचलें आहे."

चौकशी करितां त्याचें म्हणणें खरें निघालें. त्यानें पाहिलेलें पुस्तक म्हणजे सरकारनें छापलेलें परभणी जिल्ह्याचें गॅझेटियर; जिल्ह्याच्या विभाजनापूर्वीचें, पण आतां संकेतस्थळावर वाचावयास मिळणारें. पुस्तक खोटें नव्हतें आणि मुलगाही खोटा नव्हता. खोट होती ती त्या शेवटच्या ओळींत, कारण तींत पुस्तकाचें नांव नव्हतें कीं साल नव्हतें.

इंटरनेट हा ग्रंथ नव्हे, तें कपाट आहे. आणि "मीं हें कपाटांत वाचलें" असें कोणी लिहीत नाहीं. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति शिकागो विद्यापीठानें आपल्या संकेतस्थळावर ठेविली आहे. ती पाहून कोणी "शिकागोचा कोश" असें लिहील, तर मोल्सवर्थ व त्यांच्या हाताखालीं राबलेले शास्त्री यांचें श्रेय एका फटक्यानें नाहींसें होतें. आधीं ग्रंथकार, ग्रंथ, आवृत्ति व साल. मग तो कोठें वाचला तें. मराठी विश्वकोशाच्या नोंदींखालीं त्या त्या लेखकाचें नांव दिलेलें असतें, पण आमचीं मुलें मजकूर उतरून घेतात व नेमकें तेंच नांव गाळतात!

पृष्ठाची अडचण खरी आहे. पडद्यावरील पुष्कळ पुस्तकांत अक्षर मोठें केलें कीं पृष्ठें वाढतात. बापाच्या फोनवर जें चाळिसावें, तें मुलीच्या संगणकावर पंचविसावें. मग दाखला द्यावा कसा? ज्ञानेश्वरीचा दाखला देतांना आपले जुने लोक पृष्ठ सांगत बसत नसत. अध्याय व ओंवी सांगत. पवित्र शास्त्राचेंही तसेंच. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकांतील, आणि नव्या करारांतील वचनांचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. त्यामुळें आजीच्या जाड्या पुस्तकांत व नातवाच्या फोनवर तेंच वचन क्षणांत सांपडतें. तेव्हां जेथें स्थिर पृष्ठ नाहीं, तेथें प्रकरण व पोटभाग सांगावा. मात्र राजवाड्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी व इतर प्रती यांच्या ओंव्या सर्वत्र जुळत नाहींत. म्हणून प्रत कोणती, हें सांगितल्यावांचून नुसता क्रमांक पुरत नाहीं.

नियतकालिकांतील लेखांचें काम त्या मानानें सोपें. लेखक, साल, लेखाचें नांव, नियतकालिक, खंड, अंक आणि पृष्ठें. छापील पानाचेंच चित्र पडद्यावर असेल तर पृष्ठ तेंच लिहावें. पुष्कळशा शोधलेखांस आतां डीओआय नांवाचा कायमचा क्रमांक असतो. त्याचा आरंभ १० या अंकानें होतो. लेखाचें संकेतस्थळ बदललें तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून असेल तेथें तो अवश्य द्यावा. साध्या संकेतस्थळावरील मजकूर मात्र आज एक, उद्यां दुसरा. तेथें आपण तो कोणत्या तारखेस पाहिला हें न लिहिणें म्हणजे साक्षीदाराचें नांव सांगून पत्ता लपविण्यासारखें आहे.

आईबापांपैकीं कोणी म्हणतील कीं, शाळकरी मुलांवर हा विद्यापीठाचा बोजा कशाला? याला गुण तरी किती मिळणार? गुण थोडेच मिळतील, हें आम्ही मान्य करितों. परंतु शेजारून उसनें आणिलेलें भांडें परत करावयास शिकवितांना आपण मुलाचें वय पाहत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर या बाबतींत शिक्षकही निर्दोष नाहींत. "असें म्हणतात" एवढें फळ्यावर लिहून आम्हीही कित्येकदां वेळ मारून नेली आहे. कोण म्हणतो, असें वर्गांत विचारणारा मुलगा त्या वेळीं आम्हांस उद्धट वाटला होता.

औंढ्याचा निबंध आम्हीं परत दिला. चार दिवसांनीं तो आला, तेव्हां शेवटीं गॅझेटियरचें नांव, छापल्याचें साल, प्रकरण आणि वाचल्याची तारीख होती. "परभणी जिल्ह्यांत आहे" हें वाक्य मुलानें खोडलें नव्हतें, "आहे" चें "होतें" केलें होतें, आणि खालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें: "हें पुस्तक औंढा आपल्याकडे होतें तेव्हांचें आहे."