वाट पाहणाऱ्याचा अर्धा तास



भालकीकडच्या एका आजींना आम्ही दर रविवारी मिस्सा झाल्यावर भेटायला जातो. त्यांना दिसत नाही. गेल्या रविवारी आम्हाला उशीर झाला. "अर्धाच तास झाला, आजी," आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "लेकरांनो, केव्हापासून कडी वाजायची वाट बघतेय!"

मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसले आहे, की दिवा आणि आवाज सारखाच वेळ चालू ठेवला, तरी माणसांना बहुधा आवाज जास्त वेळ चालल्यासारखा वाटतो. ते प्रयोग क्षणा-दोन क्षणांचे. आजींचा अर्धा तास त्यांत मावत नाही. पण एक गोष्ट पटते : घड्याळ एक असले, तरी वेळ सगळ्यांना सारखा वाटत नाही.

गेथशेमाने बागेत शिष्यांना झोप लागली. त्यांना वेळ कळलाच नाही. जागून प्रार्थना करणाऱ्या प्रभूला तो केवढा वाटला असेल!

म्हणून आमचे म्हणणे असे : सेवेचा वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाने मोजू नये, वाट पाहणाऱ्याच्या मनाने मोजावा. बीदर-कलबुर्गीच्या आपल्या गावांत दाराकडे कान लावून बसलेले पुष्कळ आहेत. येत्या रविवारी मिस्सेनंतर आधी त्यांच्याकडे जाऊ या. आपला चहा आणि गप्पा नंतर.