आधी केस पेपर हातात घ्या

दवाखान्यात आपलं माणूस दगावलं, किंवा साध्या ऑपरेशनला नेलेलं माणूस अधू होऊन परत आलं, की भोवती दोन प्रकारची माणसं जमतात. एक म्हणतात, फोडून टाका दवाखाना. दुसरी म्हणतात, नशिबात होतं, सोडून द्या. त्या दिवशी दोघांचंही ऐकू नका, हे कळकळीचं सांगणं आहे. त्या दिवशी केस पेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या.

2002 च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, त्यात फक्त गोळाबेरीज असते. रात्री दोन वाजता नाडी किती होती, सिस्टरने ड्युटीवरच्या डॉक्टरांना कधी बोलावलं, ते किती वाजता आले, भूल कोणी दिली, हे सगळं नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट्स आणि भुलीच्या नोंदींत असतं. अर्जात ही नावं घालूनच मागा. संमतीपत्राची प्रतही मागा. तपासणीपुरती घेतलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

मृत्यूबद्दल शंका असेल तर आणखी एक अवघड गोष्ट करावी लागते. पोलिसांना लेखी कळवून पोस्टमॉर्टेमची मागणी करा. देहाची चिरफाड नको, असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात आणि त्यांचं दुःख खरं असतं. पण अंत्यसंस्कार झाल्यावर मृत्यूचं कारण शोधायला फारसं काही उरत नाही. मग दाखल्यावर लिहिलेलं कारण खोडून काढणं फार जड जातं.

मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच रात्री तो गेला. दाखल्यावर कारण लिहिलं होतं फॅट एम्बॉलिझम, म्हणजे चरबीचे कण रक्तात जाऊन झालेला अडथळा. वडील स्वतः दापोलीचे डॉक्टर. त्यांना ते पटलं नाही. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मृत्यू उपचारातल्या धक्क्याने झाला, हे मान्य झालं. भरपाई होती तीन हजार रुपये. पण डॉक्टरने केस घ्यायची की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाने पक्कं केलं. आजही वकील तो निकाल पुढे ठेवतात.

निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय, हेही समजून घ्या. रुग्ण बरा झाला नाही, एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली की नाही, हे पाहिलं जातं. म्हणून कागद हाती आले की त्याच शाखेच्या, त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी ‘इथे चूक दिसत नाही’ असं सांगितलं, तर तेही मनापासून ऐका.

काही चुका मात्र स्वतःच बोलतात. 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदी केलेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा तो सापडला, पण पाच दिवसांनी ती गेली. राज्य सरकार जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवलं. सरकारी दवाखान्याविरुद्ध काहीच करता येत नाही, असं सांगणाऱ्यांना हा निकाल दाखवा. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, पण दिवाणी न्यायालयाचं दार उघडं असतं.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती मनावर घ्या. 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटातून अनेक वर्षांनी गॉज निघाला. तिने 2004 मध्ये तक्रार केली. आतली चूक उघड झाल्यापासून मुदत मोजतात, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केलं, तरी 2010 मध्ये तिची तक्रार उशिराची ठरली, कारण इतकी वर्षं दुखत असताना ती गप्प राहिली होती. पोट दुखत राहिलं तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जा, आणि गेल्याची चिठ्ठी ठेवा.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. फौजदारी गुन्ह्याला ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल सांगतो. दवाखान्यात मोडतोड केलीत तर 2010 च्या राज्य कायद्याने तुम्हीच अजामीनपात्र गुन्ह्यात अडकता, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.

वकिलाच्या फीला घाबरून थांबू नका. ग्राहक आयोगात स्वतः बाजू मांडता येते. महिला, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. जाताना केस पेपर आणि बिलं सोबत न्या.