“बिल थोडं वाढवून दे” असं कोणी म्हटलं तर?



धंदा सुरू केला की कधी ना कधी हे वाक्य कानावर येतंच: “बिल थोडं वाढवून दे, वरचं आपण बघून घेऊ.” समोरचा ओळखीचा असतो, रक्कम छोटी असते आणि ऑर्डर जाईल ही भीती खरी असते. माझं मत सरळ आहे: ते बिल फाडू नका. का, ते आपल्या भंडारा जिल्ह्यातच बघा.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. ही सगळी वाढ भ्रष्टाचाराची नाही. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन हेही त्यात आहे. पण कालव्यांची कामं निकृष्ट झाल्याचं चौकशीत पुढे आलं. २०१२ मध्ये जलसंपदा खात्यातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून राज्यातल्या सिंचन कामांवर बोट ठेवलं. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गोसीखुर्दच्या कामांत अधिकारी आणि कंत्राटदारांवर गुन्हे नोंदवले. दोषी कोण, ते कोर्ट ठरवेल.

आता काळ बघा. विदर्भात शेतकरी आत्महत्या होत होत्या आणि याच प्रकल्पातून अडीच लाख हेक्टरला पाणी मिळणार होतं. पाणी लांबलं की फक्त शेतकऱ्याचं नुकसान होतं का? धान पिकलं नाही तर राइस मिलला माल नाही, कृषी केंद्राची उधारी अडकते, किराणा अन् कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. म्हणजे तुमचंच मार्केट उशिरा उभं राहतं.

आणि असा घोळ एकटा साहेब करू शकत नाही, बरं का. त्याला कागद लागतो: कोणाचं तरी कोटेशन, कोणाचं तरी चलन, कोणाची तरी सही. तो कागद बहुतेक वेळा छोट्या माणसाचा असतो.

“सर, सगळेच करतात. आपण नाही म्हटलं तर ऑर्डर दुसऱ्याला जाते.” हो, जाते. ते नुकसान मी नाकारत नाही. पण दुसरी बाजूही मोजा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. मालाशिवाय बिल दिलं तर जीएसटीचा गुन्हा वेगळाच. चौकशी आली की “वरचं बघून घेऊ” म्हणणारा फोन उचलत नाही.

म्हणून या आठवड्यात चार कामं करा.

१. कोटेशन, चलन, बिल आणि बँकेतली जमा, चारही जुळवून फाइल लावा.
२. एकाच गिऱ्हाईकावर एक तृतीयांशापेक्षा जास्त विक्री ठेवू नका. दुसरी ऑर्डर हातात असेल तरच “नाही” म्हणता येतं.
३. दाखला, परवाना अडला तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. अधिसूचित सेवांना मुदत आहे, अपीलही आहे.
४. कोणी पैसे मागितले तर देण्याआधी १०६४ वर फोन करा.

पहिलं खोटं बिल नाकारणं सगळ्यात स्वस्त असतं. दुसऱ्या वेळी समोरच्याकडे तुमचं पहिलं बिल असतं.